शिकारीला जागा शोधताना: मिशिगनमधला अनुभव

नवीन शिकाऱ्याचं घोडं अडतं ते जागेवर. बंदूक कुठली घ्यायची, क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून मारायचं धनुष्य) बरा की कंपाउंड धनुष्य, बूट किती थंडीपर्यंत चालतात, यावर लोक तासन्‌तास बोलतील, पण हे सगळं अंगावर चढवून उभं कुठे राहायचं हे कोणी सांगत नाही. मिशिगनमध्ये लायसन काढायला फार काही लागत नाही, ११ डॉलरचं बेस लायसन आणि त्यावर २० डॉलरचं हरणाचं, काउंटरवर पाच मिनिटात हातात येतं. १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना हंटर सेफ्टी कोर्स लागतो, तो मी ऑनलाइन केला आणि एका शनिवारी कॉन्झर्व्हेशन क्लबच्या मैदानावर फील्ड डे ला गेलो, तिथे बहुतेक सगळी दहा-बारा वर्षांची पोरं, सोबत त्यांचे बाप, आणि मध्ये मी चाळिशीचा टक्कल पडत चाललेला. पास झालो, ऑरेंज जॅकेट आणलं, बायको म्हणाली आता जाणार कुठे, तर त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ऑफिसातल्या शिकाऱ्यांना विचारलं की बाबांनो तुम्ही जागा कशी शोधलीत, तर एकालाही सांगता येईना, कारण कोणी शोधलेलीच नव्हती. एकाच्या आजोबांचं फार्म, एकाच्या सासऱ्याची वरती केबिन आहे, एकाच्या काकाचे ऐंशी एकर. इथे शिकार ही वडिलोपार्जित गोष्ट आहे. १५ नोव्हेंबरला फायरआर्म, म्हणजे बंदुकीचा, सीझन उघडतो, ती तारीख बदलत नाही, वार कुठलाही असो, आणि उत्तरेकडच्या कितीतरी शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी देतात, यावरून समजा. अशा ठिकाणी आपण बाहेरून येणार, ना काका ना सासरा.

मी मूळचा लातूरकडचा, आता डेट्रॉइटजवळ नोवायला असतो. आमच्या घरात कोणी कधी शिकार केलेली नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला होता. पण हरणं आणि रानडुकरं मला नवीन नाहीत, आमच्या सोयाबीनवरच पोसलेली आहेत ती. अप्पा रात्री बॅटरी घेऊन राखणीला जायचे, डबे वाजवायचे, सकाळी येऊन पंचनाम्याला फॉरेस्टचा माणूस कधी येतो याची वाट बघायचे. हे सांगतोय कारण पुढे याचाच उपयोग झाला, ऑनलाइन वाचलेल्या कुठल्याही टिपेपेक्षा जास्त.

मध्येच एक गोष्ट, कारण आपली पोरं मला हे नेहमी विचारतात. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे बंदूक घ्यायला अडचण नव्हती. एच-वन किंवा दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक नुसती जवळ बाळगायलाही मनाई आहे, मात्र कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी लायसन, मगच बंदुकीला हात, हा क्रम उलटा करू नका. क्रॉसबो आणि धनुष्य त्या कायद्यात येत नाहीत, सुरुवात त्याने केली तर डोक्याला ताप कमी. व्हिसाचा मामला आहे, एकदा वकिलाला विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

तर जागा.

सगळे पहिलं सांगतात ते म्हणजे सरकारी जमीन, आणि मिशिगनमध्ये ती आहेही भरपूर. स्टेट फॉरेस्ट ४० लाख एकरांच्या आसपास, ह्युरन-मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्ट दहा लाखांच्या जवळपास, शिवाय कमर्शियल फॉरेस्ट म्हणून एक भारी प्रकार आहे, जमीन लाकूड कंपनीची किंवा खाजगी मालकाची, पण त्याला टॅक्समध्ये सवलत मिळते आणि बदल्यात कोणालाही पायी येऊन शिकार किंवा मासेमारी करू द्यावी लागते. असे २० लाखांच्या वर एकर आहेत. सगळं ऐकायला छान, पण यातलं बहुतेक उत्तरेला आणि अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या वरच्या वेगळ्या तुकड्यात. नोवायहून तीन-चार तास गाडी मारायची, रात्री मोटेलात झोपायचं, आणि शनिवारी मुलीचा सॉकर आणि रविवारी मराठी शाळा असताना हे महिन्यातून एकदाही जमणार नाही हे मला कॅलेंडर बघूनच कळलं. नवीन माणसाने एखाद्या ठिकाणी परत परत गेलं पाहिजे, तेच झाड तोच ओढा सकाळी वेगळा दिसतो संध्याकाळी वेगळा, वर्षातून दोनदा जाऊन काही शिकता येत नाही. म्हणून मी ठरवलं की घरापासून तासाभराच्या आत काय मिळतंय ते बघायचं.

इथेच गंमत आहे. हरणं सगळ्यात जास्त दक्षिण मिशिगनमध्ये, कारण मका सोयाबीन इकडे, आणि सरकारी जमीन सगळ्यात कमी पण इकडेच. डीएनआरचा, म्हणजे इथल्या वन्यजीव खात्याचा, माय-हंट नावाचा नकाशा आहे, फुकट आहे, त्यात शिकारीला उघड्या असलेल्या सगळ्या जमिनी दिसतात. मी सुरुवात केली वॉटरलू रिक्रिएशन एरियापासून. २० हजार एकरांच्या वर आहे, चेल्सीच्या पलीकडे, घरून पाऊण तास. गाडीच्या प्लेटवर रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे सरकारी पार्कांचा पास, पाहिजे एवढंच. हिमनदीने करून ठेवलेला प्रदेश, एक टेकडी एक खड्डा, खड्ड्यात तळं नाहीतर दलदल, असं मैलोनमैल.

बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये नुसता चालायला जायचो, हातात काही नाही. हा सगळ्यात उपयोगी काळ आहे असं माझं ठाम मत झालंय. पानं नसतात, गवत आडवं पडलेलं असतं, हरणांच्या वाटा अगदी पायवाटेसारख्या उघड्या दिसतात, नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं लांबून चमकतात, बसायच्या जागी गवत दबलेलं असतं. ऑनएक्स नावाचं नकाशाचं ॲप घेतलं, त्यात जमिनीचा मालकही दिसतो, त्यात सगळ्याची खूण करून ठेवायचो. सगळ्या चांगल्या खुणा एकाच प्रकारच्या ठिकाणी निघाल्या, दलदलीच्या मधोमध जरा उंच कोरडी बेटं असतात त्यांच्यावर. तिथे पोचायला गुडघाभर काळ्या पाण्यातून जायला लागतं म्हणून पार्किंगपासून सरळ वाटेने येणारे लोक तिकडे फिरकत नाहीत. रबरी बूट घ्या आणि पॉयझन सुमॅक ओळखायला शिका, या दलदलीत ते झुडूप असतं, अंगाला लागलं की आठवडाभर खाजवत बसाल. गोचिड्या तर आहेतच, घरी आल्यावर कपडे गराजमध्येच काढायचे हा बायकोचा नियम.

ऑक्टोबरमध्ये क्रॉसबो घेऊन तिथे बसायला लागलो. मिशिगनमध्ये १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर आर्चरी, म्हणजे धनुष्य-क्रॉसबोचा सीझन, हे दिवस नवीन माणसाला सोन्यासारखे, गर्दी कमी, आणि आठवड्यातल्या दिवशी कामावरून लवकर सुटलात तर पार्किंगला दुसरी गाडी नसते. वरून सँडहिल क्रेनचे थवेच्या थवे जातात, जॅक्सनच्या उत्तरेला एक अभयारण्य आहे तिथे रात्री मुक्कामाला हजारोंनी उतरतात, तो घशातला खर्र खर्र आवाज दोन मैलांवरून ऐकू येतो. हरणं दिसायची पण टप्प्याच्या बाहेर. मला काही घाई नव्हती.

मग आला १५ नोव्हेंबर. पहाटे साडेपाचला पोचलो तर पार्किंग भरून रस्त्याच्या कडेने गाड्या, हेडलाइटच्या उजेडात जिकडे बघावं तिकडे ऑरेंज. उजाडल्या उजाडल्या चारी बाजूंनी आवाज सुरू. मी ज्या बेटावर बसायचो त्याच्या पलीकडच्या काठावर एक जण, आणि डावीकडे बाप-लेक. भांडण नाही काही नाही, सरकारी जमीन सगळ्यांचीच, सगळे चांगले वागले, एकाने तर कॉफी दिली. पण मी तासाभरात गोळ्या काढून ठेवल्या. आमच्या दक्षिण भागात तेव्हा लांब पल्ल्याच्या रायफलींना बंदीच होती, स्लगवाली (एकच जाड गोळी उडवणारी) शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक), नाहीतर ४५० बुशमास्टरसारखी ठरावीक सरळ नळकांड्याची काडतुसं एवढंच चालायचं, तरीसुद्धा कोणाच्या मागे कोण बसलाय हे माहिती नसताना ट्रिगरवर बोट ठेवणं मला जमलं नाही. त्या दिवशी ठरवलं की आर्चरीला वॉटरलू आणि बंदुकीच्या सीझनला खाजगी जमीन.

खाजगी म्हणजे काय, तर तीन रस्ते. एक, लीज. दुसरा, सरकारने शेतकऱ्याला पैसे देऊन उघडी केलेली जमीन. तिसरा, दार वाजवणं.

लीजचं थोडक्यात उरकतो. पैसे देऊन सीझनभर जमीन भाड्याने घ्यायची. पाच-सहा अनुभवी लोकांनी मिळून घेतली तर ठीक, एकट्या नवख्याने अजिबात घेऊ नये, एक तर तुम्हाला चांगली जमीन कुठली ते कळत नसतं आणि भाव ऐकून घाम फुटतो. मला एका माणसाने फोटो पाठवले, निम्मे पैसे आधी मागितले, ॲपमध्ये त्या तुकड्याचा मालक बघितला तर नाव भलतंच. त्याला विचारलं तर म्हणे मालक माझा मित्र आहे. मग मित्रालाच फोनवर घ्या म्हणलं, त्यानंतर मेसेज बंद.

दुसरा रस्ता मात्र खूप लोकांना माहितीच नाही. हंटिंग ॲक्सेस प्रोग्रॅम, सगळे हॅप म्हणतात, १९७७ पासून चालू आहे. डीएनआर शेतकऱ्याला एकरामागे पैसे देतं आणि शेतकरी लोकांना शिकारीला येऊ देतो. कुठल्या फार्मवर काय चालेल ते आधीच ठरलेलं असतं, कुठे सगळी शिकार, कुठे फक्त ससे-खारी वगैरे छोटी जनावरं, कुठे फक्त टर्की, आणि काही ठिकाणी फक्त लहान मुलं आणि अप्रेंटिस लायसनवाले, म्हणजे कोर्स न करता अनुभवी माणसासोबत शिकणारे. एका वेळी किती माणसं आत असू शकतात तेही ठरलेलं. मी गेलो तिथे गेटजवळ लाकडी पेटी होती, त्यात कार्ड भरून टाकायचं, जाताना परत नोंद. कोटा भरला असेल तर मुकाट्याने घरी. जमीन म्हणाल तर साधीच, मक्याचं कापलेलं शेत आणि कडेला झाडांचा पट्टा. पण एका थंडगार सकाळी मी पेटीपाशी कार्ड भरत असताना मालक ट्रॅक्टरवरून आला, थांबला, बोलला, आणि जाता जाता म्हणाला, हरणं पाहिजेत तर जंगल कशाला बघतोस, ज्याचं पीक खाल्लं जातंय त्याच्याकडे जा. हे वाक्य ऐकून मला इतक्या दूर एकदम घरी गेल्यासारखं झालं. अप्पांनीही हेच सांगितलं असतं.

तोपर्यंत मी दारं वाजवत होतोच, पण नकाशा बघून. त्याची पद्धत सांगतो कारण ती लागतेच. इथली जमीन चौरस मैलात आखलेली आहे, एक सेक्शन म्हणजे ६४० एकर, त्याचा चौथा भाग १६०, त्याचा चौथा ४०. चारी बाजूंनी रस्ते, रस्त्याकडेला घरं आणि शेतं, आणि झाडी असते ती आत मध्यभागी, सगळ्यांच्या मागच्या टोकाला, रस्त्यावरून दिसतच नाही. काउंटीचं प्लॅट बुक मिळतं, कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात बहुतेक असतं, आपल्या गावनकाशासारखं, प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव. मग हिशोब करायचा. घर, गोठा, शेतीची इमारत यांपासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, धनुष्यवाल्यांनाही नाही. एका घराभोवती ते वर्तुळ काढलं की साडेचौदा एकर गेले. दहा एकरांचा तुकडा, बाजूला दोन घरं, तर तिथे उभं राहायला जागा नाही, दार वाजवायची तसदी घेऊ नका. आणि अजून एक, पाटी नाही कुंपण नाही म्हणून आत शिरायचं नाही. मिशिगनमध्ये शेतजमीन आणि तिला लागून असलेली झाडी यात पाटी असो नसो परवानगी लागतेच.

दार वाजवायची माझी तयारी अशी असायची. साधे कपडे, कॅमोफ्लाज अजिबात नाही. गाडी घराच्या तोंडाशी न लावता जरा अलीकडे आणि नंबर प्लेट दिसेल अशी. दाराची घंटी वाजवून चार पावलं मागे येऊन उभं राहायचं. खिशात कार्ड, त्यावर नाव, फोन, गाडीचा नंबर. कापणीच्या दिवसात जायचं नाही, दूध काढायच्या वेळेला जायचं नाही. मी सावळा, दाढीवाला, अनोळखी, आणि बंदुकीचं बोलायला आलोय, याची धाकधूक पहिल्यांदा होती ती खोटं कशाला बोलू. एक-दोन ठिकाणी दार न उघडता बेलमधल्या कॅमेऱ्यातूनच "नको" आलं. एका बाईने मी मूळचा कुठला हे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं आणि मग स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल वीस मिनिटं सांगितलं, परवानगी नाही दिली पण पाय (म्हणजे खायचा, भोपळ्याचा) दिला. बहुतेक नकार एकदम साधे होते, मुलगा करतो, जावई करतो, आधीच कोणाला तरी दिलीय. रागावलेलं कोणी भेटलं नाही.

हॅपवाल्या शेतकऱ्याचं ऐकून मग मी जुलैत फिरायला लागलो. प्लॅट बुक मागच्या सीटवर, नजर पिकाकडे. गहू निघालेला असतो, सोयाबीन गुडघ्याला आलेलं असतं, आणि ज्याला बघायची सवय आहे त्याला गाडीतूनसुद्धा दिसतं की कुठे खाल्लंय. एका शेतात रस्त्याकडचं सोयाबीन दाट हिरवंगार, आणि मागे झाडीला लागून वीस-पंचवीस ओळींचा पट्टा घोट्याएवढा. उतरून कडेला उभा राहिलो, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं, शेंडे नाहीत, खालून फुटवे फुटलेत, परत तेही खुडलेत. फोटो अप्पांना पाठवला. रात्री व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "हे हरणाचंच काम रे. डुक्कर असतं तर उलथून टाकलं असतं. किती एकर हाय?"

दुसऱ्या शनिवारी गेलो. सत्तरीचे आजोबा शेडमध्ये बेलरखाली आडवे पडलेले, नुसते बूट दिसत होते. मी शिकारीचं काही काढलंच नाही, म्हणलं तुमच्या मागच्या सोयाबीनला हरणं लागलीत. बूट हलायचे थांबले. बाहेर आले, हात पुसले, म्हणाले तुला काय माहिती. मग मी सांगितलं, आमच्याकडे पण सोयाबीनच आहे, दोन पानांवर असताना खातात तेव्हा परत पेरावं लागतं, फुलावर असताना खाल्लं की शेंगाच धरत नाहीत. ते म्हणाले भारतात सोयाबीन पिकतं? म्हणलं आमच्या जिल्ह्यात दुसरं दिसतच नाही. मग झालं, तासभर तेच, तिकडे ओळीत किती अंतर, क्विंटल म्हणजे किती बुशेल, हमीभाव म्हणजे काय, पाऊस नाही आला तर काय करता. लसूणघास ते पण लावतात, इथे अल्फाल्फा म्हणतात, त्याच्यावर तर हरणं मार्चपासूनच येऊन बसतात म्हणाले. डीएनआरकडून पिकाच्या नुकसानीसाठी वेगळी परमिटं मिळतात ती त्यांनी एका वर्षी घेतली होती, पण उन्हाळ्यात रात्री जागायला कोण येणार.

शेवटी त्यांनीच विचारलं, शिकार करतोस का. मी म्हणलं नवीन आहे, मला शिंगं नकोत, फक्त माद्या मारीन. यावर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले इथे येतो त्या प्रत्येकाला भिंतीवर लावायला डोकं पाहिजे असतं, माझं पीक खातात त्या माद्या कोणालाच नकोत. तरी हो म्हणाले नाहीत. मला घरात घेऊन गेले, आजी टेबलावर बिलं लावत बसल्या होत्या, आणि खरा इंटरव्ह्यू तिथे झाला. काम कुठे करतोस, मुलं किती, दारू पिऊन येणार का, सोबत मित्रांना आणणार का, पडलास बिडलास तर आमच्यावर केस करणार का. त्यावर मी सांगायला गेलो की पैसे न घेता कोणाला येऊ दिलं तर मिशिगनचा कायदा जमीनमालकाला संरक्षण देतो, मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणा नसेल तर केस उभी राहत नाही, तर आजी म्हणाल्या ते आम्हाला माहितीये, मी तुझं विचारतेय. मी म्हणलं नाही करणार. त्यांनी माझ्या कार्डावरचा गाडीचा नंबर फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला. म्हणजे हो.

अटी घातल्या त्या अशा. गाडी शेडपाशी लावायची, शेतात न्यायची नाही. यायच्या आधी आजींना मेसेज. एकट्याने यायचं. शिंगवाला दिसला तरी सोडायचा, तो नातवाचा, तो थँक्सगिव्हिंगला येतो. उन्हाळ्यात कुंपणाच्या कडेच्या फांद्या छाटायला दोन शनिवार. आणि पूर्वेकडच्या कुंपणापलीकडे पाऊल टाकायचं नाही, शेजाऱ्याचं आणि आपलं पटत नाही.

या शेवटच्या अटीने मला जरा अडचणीत टाकलं. हरीण लागल्यावर जागेवर पडतंच असं नाही, शंभर-दीडशे यार्ड पळतं, आणि मिशिगनमध्ये जखमी जनावरामागे जायलाही पलीकडच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून आजोबांना सांगून मी शेजाऱ्याकडे पण गेलो. हा तरुण माणूस, घोडे पाळतो. शिकारीला नाही म्हणाला, पण हरीण इकडे येऊन पडलं तर फोन कर, मी सोबत येईन, बंदूक पलीकडे ठेवून ये. मला तेवढंच पाहिजे होतं. परवानगी मागताना लोक हे विसरतात, आपल्या तुकड्याची मिळाली की झालं असं वाटतं, पण चाळीस एकराचा तुकडा एका बाजूने पाव मैलच असतो, हरणाला तो ओलांडायला किती वेळ लागतो.

त्या ऑक्टोबरात सोयाबीन निघालं आणि हरणं एकदम गायब, सगळी मागच्या ओकच्या झाडांखाली, एकॉर्न म्हणजे ओकची फळं खायला. आजोबांच्या जुन्या शिडीच्या स्टँडवर हार्नेस बांधून बसायचो, झाडीच्या आत नाही, झाडी आणि शेताच्या कोपऱ्यावर, जिथून घर पाठीमागे आणि समोर उतार. एका संध्याकाळी तीन माद्या ओळीने आल्या. मधली आडवी उभी राहिली, वीस यार्ड, क्रॉसबो. ती कुंपणाच्या अलीकडेच पडली, शेजाऱ्याला फोन करायची वेळ आली नाही. हात बराच वेळ थरथरत होते, पोट फाडायला व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि प्रत्यक्षात वास आणि गरमपणा व्हिडिओत नसतो. आजोबा टॉर्च धरून उभे होते, सूचना देत होते, मध्येच म्हणाले चाकूला धार कर आधी. ७२ तासांच्या आत डीएनआरच्या साइटवर नोंद करावी लागते, ती तिथेच उभ्या उभ्या फोनवर केली.

मांस द्यायला गेलो तर आजींना फक्त कलेजी पाहिजे होती, कांद्याबरोबर. बाकी सगळं तू ने. मग खाटकाकडून थोडं सॉसेज करून आणून दिलं, ते आजोबांनी एका बैठकीत संपवलं असं नंतर कळलं. घरी काळं तिखट घालून खिमा केला. मंडळातल्या निम्म्या लोकांना हे कसलं खूळ असं वाटतं, निम्मे डबा कधी देतोस विचारतात, दोघांशी मी वाद घालत नाही.

परवानगी कायमची नसते बरं का, दर वर्षी जुलैत जाऊन परत विचारतो, हो माहिती असलं तरी. सध्या त्यांच्या सेक्शनमध्ये सोलरवाले फिरतायत, दोन शेतकऱ्यांनी जमीन द्यायची तयारी केलीय म्हणे, आजोबा नाही म्हणतात पण मुलाचं काय सांगावं. म्हणून पलीकडच्या टाउनशिपमध्ये पण पिकं बघत फिरणं चालू ठेवलंय. यंदा वसंतातल्या टर्कीचा अर्ज पण भरला, तो जानेवारीत भरायचा असतो, १ फेब्रुवारीला मुदत संपते. आजी टर्कीला हो म्हणाल्यात, फक्त त्यांच्या अंगणातल्या पाळलेल्या दोन सोडून.

कोणाला प्लॅट बुक नुसतं बघायचं असेल तर वॉशटेनॉ आणि जॅक्सन काउंटीची माझ्याकडे आहेत, नोवायला येऊन बघून जा. लिविंग्स्टनचं मित्राने नेलंय, ते अजून परत आलेलं नाही.